गादीखालची साक्ष

मी गादीखालून बोलतेय, त्यामुळे आवाज जरा दबका आला तर समजून घ्या.

मी एक चटई आहे. चटई म्हटल्यावर तुम्ही लगेच मांडी घालून बसायला याल, म्हणून आधीच सांगून ठेवते, माझ्यावर आजवर कोणी बसलेलं नाही आणि बसू देणारही नाही. आम्हा सामोआ बेटांवरच्या लोकांत जेवायच्या चटया वेगळ्या, झोपायच्या वेगळ्या आणि माझ्यासारख्या वेगळ्या. आम्ही फक्त देण्याघेण्याच्या. लग्नात मुलीकडच्यांनी आम्हाला मुलाकडच्यांना द्यायचं, कोणी वारलं तर त्याच्या घरी न्यायचं, कोणाला गावात मानाचं पद मिळालं तर त्याच्यापुढे उलगडायचं. मग लोक उठून गजर करतात आणि बायका मला दोन्ही हातांनी उंच धरून मिरवतात. हे मिरवणं संपलं की ठेवायचं कुठे, तर गादीखाली. तिथे आम्ही सपाट राहतो आणि झोपणाऱ्यांच्या उबेने दर वर्षी थोड्या आणखी मऊ होतो.

नवरा-बायकोच्या गादीखाली वर्षानुवर्षं पडून असलेल्या बाईला काय काय ठाऊक असतं, हे तुम्हाला समजावून सांगायला नको. पण मी खानदानी आहे. तोंड मिटून राहणं हा आमचा धर्म. आज तोंड उघडतेय ते एवढ्यासाठी, की जी गोष्ट ठरवायला एका सरकारी कचेरीला वर्षं लागली, ती मला लग्नानंतर आठवड्याभरातच कळली होती. मला कोणी विचारलं नाही, ही वेगळी गोष्ट.

माझा जन्म सवाईई बेटावरचा. मी केवड्याच्या कुळातली. त्या झाडाची लांब पानं आणली, काटे काढले, वाफवली, वरची चकाकती बाजू सोलून घेतली, समुद्रात बुडवून ठेवली, उन्हात पांढरी केली आणि मग त्यांच्या सुतासारख्या पट्ट्या काढून विणायला घेतलं. विणणारी होती पेपे. गावातल्या बायका विणकामाच्या घरात एकत्र बसत आणि गप्पांच्या नादात कोणाचा हात थांबला की पेपे म्हणे, "हात इथे चालवा, जीभ घरी जाऊन चालवा." तिची स्वतःची जीभ मात्र दोन्हीकडे चालायची.

माझ्या काठाला लाल पिसं आहेत. ती पेपेच्या मुलीने, फेतूने लावली. तेव्हा ती शाळेत होती आणि तिचं सगळं लक्ष बाहेर खेळणाऱ्या पोरींकडे. एका कोपऱ्यातली पिसं वाकडी बसली. पेपेने काढून पुन्हा लावायला लावली, पुन्हा वाकडी बसली. शेवटी पेपे म्हणाली, "राहू दे. तुझ्या लग्नातच द्यायचीय ही. सासरच्यांना आधीच कळू दे काय येतंय ते." मग मला तिने आपल्या गादीखाली घातलं आणि मी वाट बघत बसले.

फेतूला मागणी आली ती ऑकलंडहून. किरिसोमे हा तिकडेच जन्मलेला, शीतगोदामात खोकी उचलणारं यंत्र चालवणारा, पर्वताएवढा मुलगा. चुलत्याच्या मयतीला गावी आला होता. मयतीच्या कामात त्याला नारळ सोलायला बसवलं तर त्याने पहिल्याच नारळात हात कापून घेतला. फेतूने फडकं बांधलं आणि आयुष्यात पाहिला नाही इतका निरुपयोगी माणूस म्हणून सगळ्या मैत्रिणींना दाखवून आली. पुढच्या वर्षी त्याच निरुपयोगी माणसाशी तिचं लग्न लागलं आणि मी किरिसोमेच्या आईच्या, आकेनेसेच्या हाती गेले.

ऑकलंडच्या विमानतळावर एका हातमोजेवाल्या माणसाने मला उलगडलं. भिंग लावून पिसं तपासली, किडामुंगी नाही याची खात्री केली आणि "जा" म्हणाला. चहा निवायच्या आत मी कायमची त्या देशाची झाले. फेतूला मात्र नवऱ्याच्या नावावर थोड्या मुदतीचा परवाना मिळाला. तिच्यात किडा आहे की नाही, ते सावकाश बघणार होते.

मांगेरे भागातलं आकेनेसेचं घर तीन खोल्यांचं आणि माणसं मोजायला बसलं तर एखादं नवीनच निघायचं. आकेनेसे घराची धनीण. बुटकी, रुंद, चर्चमधल्या गायकवृंदात सगळ्यात वरचा सूर तिचा. मुलाचा पगार तिच्या खात्यात, सुनेचा पगारही तिच्या खात्यात. फेतू वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात काम करायची. भाडं आकेनेसेच्या नावावर, विजेचं बिल तिच्याच नावावर. तिच्या डोक्यात "तुमचं" आणि "आमचं" असे दोन डबेच नव्हते. एकच मोठं पातेलं, त्यात सगळं, आणि डाव तिच्या हातात. फेतूला याचं काही वाटत नव्हतं. तिच्या आईच्या घरीही असंच होतं, फक्त डाव पेपेच्या हातात होता.

माझी जागा ठरली फेतू आणि किरिसोमेच्या गादीखाली. खोलीला दार नव्हतं, फुलाफुलांचा पडदा होता. भिंतीकडची कड फेतूची, बाहेरची किरिसोमेची, कारण तो पहाटे उठून कामावर जायचा. बाहेरची म्हणजे म्हणायला. झोपेत तो सरकत सरकत असा मधे यायचा की सकाळी फेतूच्या वाट्याला भिंतच जास्त असायची. माझ्या अंगात त्याच्या बाजूला मोठा खड्डा आणि तिच्या बाजूला छोटा. एवढंच सांगते, बाकीचं माझ्यापाशी राहू द्या.

फेतूचा परवाना संपत आला तेव्हा तिने कायमच्या वास्तव्याचा अर्ज केला. तिला ते कायम का हवं होतं ते ऐका. पेपेची नजर मंद होत चालली होती, विणकाम सुटलं होतं. फेतूला एकदा आईकडे जाऊन यायचं होतं. पण अर्ज कचेरीत पडलेला असताना देशाबाहेर पाऊल टाकलंस तर मागे दार बंद होईल, असं तिला चर्चमधल्या प्रत्येकाने सांगितलं होतं, आणि चर्चमधल्या प्रत्येकाला सगळं माहीत असतं. पेपेचा फोन आला की फेतू गादीवर बसून बोलायची आणि मला दोन्हीकडचं ऐकू यायचं.

"कधी येतेस?"

"इथे कायम राहायची परवानगी मिळाली की येते, आई."

"म्हणजे तिकडेच कायमचं राहायचं ठरलं की मग इकडे येणार?"

"हो."

"सरकारचं जाऊ दे, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

फेतू हसायची. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ तशीच बसून राहायची, आणि तिचं ते बसणं माझ्या अंगावर जड व्हायचं.

कचेरीने पुरावे मागितले. हे दोघं खरेच नवरा-बायको म्हणून एकत्र राहतात का, ते दाखवा. किरिसोमेची बहीण लूपे कॉलेजात शिकत होती, म्हणून वाचून दाखवायचं काम तिच्याकडे आलं. सगळे जेवणघरात जमले. पडदा पातळ असल्यामुळे मीही हजर होतेच.

"दोघांच्या नावावर बँकेचं खातं हवं म्हणतात," लूपे म्हणाली.

"आहे की," आकेनेसे म्हणाली. "दोघांचा पगार येतो ना खात्यात?"

"ते तुझं खातं आहे, आई."

"मग मी कोणाची आहे?"

लूपेने पुढची ओळ वाचली. "दोघांचे एकत्र फोटो."

फोटो ढिगाने निघाले. पण आमच्यात फोटो म्हणजे पूर्ण घराणं. बायका एका बाजूला बसलेल्या, पुरुष मागे उभे. चारचौघांत बायकोच्या खांद्यावर हात टाकून उभं राहायचं, तेही बहिणीसमोर, हे किरिसोमेच्या सात पिढ्यांत कोणी केलं नव्हतं. लग्नाच्या फोटोत तरी दोघं जवळ असतील म्हणून तो शोधला, तर नवरा-नवरीच्या बरोबर मधे चर्चचे पाळकसाहेब हसत उभे.

"पाळकसाहेबांना कापता येईल," लूपे म्हणाली.

"जीभ आवर," आकेनेसे म्हणाली.

मग दोघांचं फोनवरचं बोलणं पाहिलं. फेतूने लिहिलं होतं, तांदूळ आण. किरिसोमेने लिहिलं होतं, आणला. दोन वर्षांचं हे असंच. शेवटी पाळकसाहेबांनी शिफारस लिहून दिली. त्यात फेतूचा आवाज गोड असून ती एकाही रविवारी गैरहजर नाही, एवढं भरभरून लिहिलं होतं. तिला नवरा आहे, हे लिहायचं राहून गेलं.

थोड्या दिवसांनी कचेरीतून फोन आला की आमच्या अधिकारी बाई घरी येऊन तुम्हाला भेटतील. दुसरं कोणी असतं तर घाबरलं असतं. आकेनेसे फुलून गेली. सरकार आपल्या दारी येतंय म्हटल्यावर तिने पाळकसाहेबांना निरोप धाडला, डुक्कर सांगितलं, अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवायला घेतली आणि घरातल्या झाडून सगळ्यांना पांढरे कपडे घालायला लावले.

इथपर्यंत ठीक होतं. मग तिच्या मनात आलं, की बाई जेवल्यावर दमतील, त्यांना घटकाभर पडायला खोली हवी. घरातली सगळ्यात नेटकी खोली कोणती, तर फेतू आणि किरिसोमेची. आकेनेसेने ती सकाळीच रिकामी केली. फेतूचे कपडे लूपेच्या खोलीत गेले, किरिसोमेचे न्हाणीघरामागच्या खोक्यात. दोघांच्या चपला, तिचा कंगवा, त्याचे कामाचे बूट, औषधाच्या बाटल्या, सगळं बाहेर. दोन उश्यांतली एक काढली, कारण पाहुणी एकटी येणार होती. नवी चादर घातली आणि उरलेल्या एका उशीवर फूल ठेवलं. दोन माणसांचा संसार तिथे चालतो याची खूण म्हणून त्या खोलीत आता एकटी मीच उरले होते, आणि मी गादीखाली.

"आई, त्या खोली बघायलाच येतायत," फेतू हळूच म्हणाली.

"मग? पसारा दाखवायचाय का त्यांना? लोक म्हणतील आकेनेसेच्या सुनेला वळण नाही."

फेतू गप्प झाली. वळण होतं म्हणूनच गप्प झाली.

अधिकारी बाईंचं नाव डोनेली. उन्हाने लाल झालेला चेहरा, सपाट बूट, बोलणं अगदी सभ्य. त्यांच्या गळ्यात हार पडला, पाळकसाहेबांनी लांबलचक प्रार्थना केली आणि त्यांच्यापुढे एवढं ताट आलं की त्या बिचाऱ्या वहीसाठी जागा शोधत राहिल्या. फेतू त्यांच्या मागे बसून पंख्याने माश्या वारत होती. घरची सून पाहुण्याच्या पानावरच्या माश्या वारते आणि सगळ्यांचं झाल्यावर जेवते, यात आमच्यात कोणाला काही वाटत नाही. उलट पंखा धरायला मिळणं मानाचं. डोनेलीबाईंनी मात्र दोनदा मागे वळून पाहिलं.

"तुम्हीही जेवा ना," त्या फेतूला म्हणाल्या.

"नको, मी बरी आहे."

"मला तुम्हा दोघांशीच बोलायचंय. किरिसोमे, तुम्ही बायकोशेजारी बसता का?"

किरिसोमे दाराशी पुरुषांत बसला होता. तो उठला, पाळकसाहेबांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि फेतूपासून आणखी एक माणूस मधे मावेल इतक्या अंतरावर येऊन बसला. लूपे इंग्रजीतलं आकेनेसेला सांगत होती आणि आकेनेसेचं इंग्रजीत बाईंना. मग डोनेलीबाईंनी पेन उघडलं आणि सरळ विचारलं,

"तुम्ही दोघं कुठे झोपता?"

समोर पाळकसाहेब बसलेले, शेजारी बहीण बसलेली. आमच्यात बहीण-भाऊ एकत्र असताना असल्या गोष्टीचा चकार शब्द काढत नाहीत. टीव्हीवर दोन माणसं जवळ आली तरी एक जण पाणी प्यायला उठतो. लूपे भाषांतर न करताच उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. किरिसोमे छत बघू लागला. पाळकसाहेबांना खोकला आला. बाईंनी आकेनेसेसाठी तोच प्रश्न सोप्या शब्दांत पुन्हा विचारला, आणि घराची अब्रू सावरायची जबाबदारी आकेनेसेवर आली.

"फेतू मुलींच्या खोलीत झोपते," ती आपल्या मोडक्या इंग्रजीत ठणकावून म्हणाली. "चांगली मुलगी आहे."

डोनेलीबाईंनी ते लिहून घेतलं.

माझ्या डोक्यावरची गादी मला दगडासारखी वाटली. इथे मी, जिला सगळं ठाऊक, आणि तिथे ते शब्द कागदावर उतरतायत. जेवणघरात फेतूचा पंखा थांबला होता. तिला अर्थ कळला होता. एका वाक्यात सासूने तिचं लग्न मोडलं होतं, आणि तेही कौतुकाने. पण सासूला पाळकसाहेबांसमोर खोटं कसं पाडणार? तिने मान खाली घातली आणि पंखा पुन्हा हलवायला लागली.

आकेनेसेला वाटलं, सगळं छान झालं. आता शेवटचा मान राहिला. "किरिसोमे, ती चटई आण," ती म्हणाली. "फेतू, जा, गादी जड आहे." आणि बाईंना म्हणाली, "या, तुमची खोलीही बघून घ्या."

दोघं आत आले, पडदा पडला, आणि आपण एकटे आहोत असं त्यांना वाटलं.

"धर तिकडून," किरिसोमे म्हणाला.

"आधी माझी बाजू उचल. तुझ्या बाजूला ती रुतलीय."

"रुतली म्हणजे?"

"म्हणजे बघ, केवढा खड्डा केलायस. रोज सरकत सरकत मधे येतोस आणि मला भिंतीला चिकटवतोस."

"आणि तू गारढोण पाय टाकतेस माझ्यावर, ते?"

"गार पडणारच. पांघरूण सगळं तुझ्याकडे."

"मग मघाशी हे बोलायचं ना तिकडे. तोंड शिवलं होतं का तुझं?"

"मी बोलू? सासूला खोटं पाडू, पाळकांसमोर? मुलगा तू आहेस. छत बघत बसलास." फेतूचा आवाज चढला होता आणि फुटतही होता. "मला घालवून देतील ना, मग बस आईचं ऐकत. भिंतीची बाजू पण घे. पांघरूण पण घे."

किरिसोमेने गादी एका हाताने तोलून धरली. मग म्हणाला, "तू नसलीस तर पांघरूण घेऊन काय करू?"

पडद्याबाहेर डोनेलीबाई उभ्या होत्या. आमच्या भाषेचं त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या लूपेला विचारलं, "काय म्हणतायत दोघं?"

लूपेला शब्दन् शब्द ऐकू आला होता आणि त्यातला एकही तिला भावाबद्दल उच्चारता येत नव्हता. ती म्हणाली, "प्रार्थना करतायत."

डोनेलीबाईंनी आणखी थोडा वेळ ऐकलं. "हो," त्या म्हणाल्या, "अशीच प्रार्थना आमच्याकडेही असते. माझ्या नवऱ्याला पाठ आहे."

मग मला बाहेर नेलं. आकेनेसेने भाषण केलं, मला उलगडलं आणि बाईंपुढे ठेवलं. बायकांनी गजर केला. डोनेलीबाई लाल होत्या त्या आणखी लाल झाल्या.

"माफ करा," त्या म्हणाल्या, "मला हे घेता येणार नाही. मी घेतलं तर तुमचंच नुकसान होईल."

असा अपमान माझ्या कुळात कोणाचा झाला नसेल. पाळकसाहेब जमिनीकडे पाहू लागले. आकेनेसे माझी आधीच सरळ असलेली कड पुन्हा सरळ करू लागली. बाईंनाही आपण काहीतरी मोडलंय हे जाणवलं असावं. त्या वाकल्या, माझ्या काठावरच्या वाकड्या पिसांवरून त्यांनी बोट फिरवलं आणि विचारलं, "किती मऊ आहे. कुठे ठेवता ही?"

"गादीखाली," किरिसोमे म्हणाला.

"कोणाच्या?"

किरिसोमेने आईकडे पाहिलं. पाळकसाहेबांकडे पाहिलं. लूपे दाराशी होती, तिच्याकडेही पाहिलं. मग तो उठला आणि फेतूच्या अगदी शेजारी, मधे वारा जाणार नाही इतका चिकटून बसला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"आमच्या," तो म्हणाला. "माझ्या आणि हिच्या."

पाळकसाहेबांना पुन्हा खोकला आला, पण या वेळी त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही. डोनेलीबाईंनी वही मिटली, उरलेली अळूची पानं चवीने खाल्ली आणि त्या खोलीत न पडताच निघून गेल्या.

त्या गेल्यावर आकेनेसे म्हणाली, "चटई नाकारली. पोरीचं काही खरं नाही." मला पुन्हा त्या गादीखाली घालायला फेतू निघाली तर तिने अडवलं. तिच्या मते एकदा दिलेली चटई परत मागे येत नसते, ती पुढेच जायला हवी. पुढे कुठे, ते ठरेपर्यंत मला लूपेच्या कपाटावर टाकलं. तिथे धूळ आणि जुनी गिटार. सगळ्यात भरवशाची साक्षीदार अशी कामावरून दूर झाली. कचेरीने गप्प राहून काढलेले ते महिने मला फक्त आवाजावरून कळले. फेतू गायकवृंदात जात होती, पण घरी गुणगुणत नव्हती.

एका दुपारी स्वयंपाकघरात झाकण पडल्याचा आवाज आला, आणि मग फेतूचं रडणं. मंजुरी आली होती. कायमची. आकेनेसे म्हणाली देवाने केलं. पाळकसाहेब म्हणाले त्यांच्या शिफारशीने केलं. लूपे म्हणाली दादा-वहिनीच्या प्रार्थनेने केलं, आणि याच्यावर आकेनेसे तिला कारण न कळताच रागे भरली.

फेतू डोळे पुसून म्हणाली, "आता आईकडे जाऊन येते."

आकेनेसे खुर्चीवर चढून मला स्वतः काढायला आली. झटकली, घडी केली आणि फेतूच्या हातात दिली. "ही तुझ्या आईला दे. म्हणावं, तुमची मुलगी आता आमची झाली. सरकारचीसुद्धा खात्री पटली." मग जरा थांबून म्हणाली, "मी त्या दिवशी बाईंना बोलले ते... मला वाटलं तुझी लाज राखतेय." फेतूने तिच्या गालाला गाल लावला. याहून जास्त आमच्यात कोणी सासूशी बोलत नाही.

किरिसोमेला रजा मिळाली नाही. फेतू एकटीच आली, आणि मी तिच्या सामानातून माझ्या गावी परत आले.

पेपेने मला डोळ्यांनी ओळखलं नाही. मांडीवर घेऊन काठ चाचपत गेली आणि वाकड्या पिसांपाशी तिचं बोट थांबलं. "ही परत कशी? ठेवून घेतली नाही का त्यांनी?" फेतूने सगळी हकिगत सांगितली. पेपे इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिने मला पूर्वीच्याच जागी, आपल्या गादीखाली घातलं.

फेतूला वाटलं होतं, आल्या आल्या चुलीशी जाऊन बसू. पण तिला घरातल्या मधल्या खांबाशी बसवलं, जिथे पाहुणे बसतात. पहिलं पान तिचं मांडलं. ती उठून भांडी घासायला निघाली तर शेजारणीने हातातून ओढून घेतली. आणि पेपे, जिला समोरचं धड दिसत नव्हतं, ती तिच्यामागे बसून पंख्याने माश्या वारू लागली.

"आई, ठेव तो पंखा."

"खा तू. किती दिवसांची आहेस?"

"दोन आठवडे."

"दोनच? तिकडे तर कायम मिळालं म्हणालीस."

फेतू हसली. मग तिचं हसू मावळलं आणि ती पानात बघत राहिली. माझ्या उभ्या आयुष्यात मला कोणाची इतकी दया आली नाही. ज्या घरी येण्यासाठी तिने एवढं सोसलं, त्या घरी ती पाहुणी म्हणून पोचली होती.

आज रविवार. प्रार्थना झाली, भरपेट जेवण झालं आणि गाव झोपलंय. पेपेने फेतूला हट्टाने पलंगावर झोपवलं आणि स्वतः खाली अंग टाकलं. म्हणजे मी आत्ता तुमच्याशी बोलतेय ती फेतूच्याच खालून. माझं मागणं फार नाही. कचेरीवाल्यांनो, तुम्हाला कधी कोणाचं लग्न तपासायचं असेल तर खाते-वह्या बघा, फोटो बघा, पण एकदा गादी उचलून आम्हालाही विचारा. आणि पेपे गेल्यावर ज्यांच्या हाती मी जाईन त्यांनी मला कुलपात घालून कायमची ठेवू नये. माणसांना कायम राहायला आवडतं, आम्ही मात्र फिरत्या असलो तरच जिवंत असतो.

आवाज आणखी खाली आणते, तिचा डोळा लागतोय. एवढा पलंग मोकळा आहे आणि ती पलीकडच्या काठावर, अंग चोरून, पाठ आत करून झोपलीय. चादरही अर्धीच घेतलीय, अर्धी तशीच पसरून ठेवलीय. थोड्या वेळापूर्वी तिचा पाय मागे सरकला, रिकाम्या जागेत जरा वेळ राहिला आणि परत आला.

खालून पेपे म्हणाली, "अगं, पडशील. मधे सरक की. सगळी जागा मोकळीच आहे."

"नको," फेतू अर्धवट झोपेत म्हणाली. "ती त्याची आहे."

माझी साक्ष संपली.